मधुमेह, पेशींमधले संदेश आणि रक्तवाहिन्यांची हानी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात आमच्या टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्यांपैकी मधुमेह असलेली काही मंडळी महिन्यातून एकदा चहाला, अर्थात बिनसाखरेच्या, एकत्र बसतात. माझी सगळी नोकरी शरीरक्रियाशास्त्र शिकवण्यात गेली असल्यामुळे तिथले प्रश्न माझ्याकडे येतात. जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, त्यांची उत्तरे इथे एकत्र लिहिली आहेत. कोणती गोळी कुणी किती घ्यावी हे या पानावर मिळणार नाही. ते तुमचे रिपोर्ट ज्यांच्यासमोर आहेत त्या डॉक्टरांनी ठरवायचे असते.

साखर रक्तवाहिनीला नेमके काय करते? पाइपात क्षार साचतात तसे काही होते का?

हे चित्र बहुतेकांच्या मनात असते, कारण पेठेतल्या जुन्या इमारतीत राहिलेल्या प्रत्येकाने क्षार धरून निम्मा झालेला लोखंडी पाइप कधी ना कधी पाहिलेला असतो. ते सोयीचे आहे, पण दिशाभूल करणारे आहे. रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर फरशीसारखा बसवलेला असतो; त्याला एंडोथेलियम किंवा अंतःस्तर म्हणतात. केशवाहिनीत तर भिंत म्हणून जवळजवळ एवढेच असते, आणि तिची वाट इतकी अरुंद असते की सात-आठ मायक्रोमीटरची तांबडी पेशी तिच्यातून एकेरी रांगेत, अंग चोरूनच पुढे सरकते.

या थराचे काम नुसते अस्तर होण्याचे नाही, हे रॉबर्ट फर्चगॉट यांच्या १९८० मधल्या प्रयोगाने स्पष्ट झाले. सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर त्यांनी ॲसिटिलकोलीन घातले, तेव्हा आतला थर शाबूत असलेली पट्टी सैल पडली आणि हाताळताना तो थर खरवडून गेलेली पट्टी उलट आकसली. म्हणजे स्नायूला ‘सैल हो’ असे सांगणारा निरोप अंतःस्तराकडून जात होता. तो निरोप्या म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू असल्याचे पुढे सिद्ध झाले आणि फर्चगॉट, इग्नारो व मुराद या तिघांना १९९८ चे नोबेल मिळाले. छातीत कळ आल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी शरीरात हाच वायू पुरवते.

मधुमेहातली हानी सुरू होते ती इथे. थर जागेवरच असतो, सूक्ष्मदर्शकातही फारसा बदललेला दिसत नाही, पण त्याचे ऐकणे आणि बोलणे बिघडू लागते. भिंत जाड होणे, गळणे, तिच्यावर चरबीचा लेप चढणे हे सारे त्यानंतरचे आहे.

पेशींमधले संदेशवहन म्हणजे काय? इन्सुलिन तर साखर आत घेण्यासाठी असते ना?

साखर आत घेणे हे इन्सुलिनचे सर्वांत प्रसिद्ध काम आहे, एकमेव नव्हे. पेशीच्या पृष्ठभागावर रिसेप्टर नावाची प्रथिने असतात. इन्सुलिन तिथे येऊन बसले की आतल्या बाजूला एक प्रथिन दुसऱ्याला, दुसरे तिसऱ्याला फॉस्फेटचा कण चिकटवत जाते, आणि प्रत्येक ठिकाणी तो कण म्हणजे ‘कामाला लागा’ किंवा ‘थांबा’ अशी खूण असते. खुणांच्या या साखळीलाच संदेशवहन म्हणतात.

अंतःस्तराच्या पेशीत इन्सुलिनच्या साखळीला दोन महत्त्वाचे फाटे फुटतात. पहिला पीआय-थ्री-कायनेज आणि एकेटी या विकरांमधून (एंझाइममधून) जातो व नायट्रिक ऑक्साइड तयार करणाऱ्या विकरावर, ज्याला ईनॉस म्हणतात, १,१७७ क्रमांकाच्या सेरीन या अमिनो आम्लावर फॉस्फेट बसवतो. परिणामी वाहिनी सैलावते आणि स्नायूंकडे रक्त जास्त जाते. दुसरा फाटा मॅप कायनेज नावाच्या विकरांमधून जातो व एंडोथेलिन हे वाहिनी आवळणारे द्रव्य बनवायला लावतो.

टाइप-२ मधुमेहाच्या मागे जो इन्सुलिनविरोध असतो, त्यात पहिला फाटा मंदावतो, पण दुसरा बराचसा चालू राहतो. शरीर मात्र साखर आटोक्यात ठेवण्यासाठी आणखी इन्सुलिन सोडते. म्हणजे सैल करणारा हुकूम पोहोचत नाही आणि आवळणारा हुकूम दुप्पट मोठ्याने ऐकू येतो. साखर निदानाची रेषा ओलांडण्याच्या कितीतरी आधी हे घडू शकते, आणि म्हणूनच काही जणांच्या बाबतीत मधुमेह व हृदयविकार यांचे निदान एकाच आठवड्यात होते. त्या मंडळींना हा दैवाचा फटका वाटतो. भिंतीच्या दृष्टीने मात्र ती जुनीच गोष्ट असते.

मग सगळ्याच पेशी साखरेने सारख्या का बिघडत नाहीत? डोळे, किडनी आणि पायच का?

कारण सगळ्या पेशींना दार लावून घेता येत नाही. रक्तातली साखर वाढली तर अनेक पेशी ग्लुकोज आत आणणारी वाहक प्रथिने कमी करतात. केशवाहिन्यांच्या अंतःस्तरात प्रामुख्याने ग्लुट-१ नावाचा वाहक असतो आणि बाहेरची साखर वाढली तरी तिथली आवक म्हणावी तशी रोखली जात नाही. किडनीच्या गाळणीतल्या मेसँजियल पेशी आणि नसांच्या भोवतालच्या श्वान (Schwann) पेशी यांचीही तीच अडचण आहे. या तिन्हींची यादी आणि डोळा, किडनी, पाय ही आपल्या ओळखीची यादी शेजारी ठेवून पाहावी.

आत शिरलेली जादा साखर पुढे काय करते?

या प्रश्नाला मी थोडा वेळ देतो, कारण बाकीची बरीच उत्तरे याच्यावर उभी आहेत.

पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे तिच्या ऊर्जा बनवणाऱ्या भट्ट्यांत, ग्लुकोजचे ज्वलन होते. इंधन गरजेपेक्षा जास्त आले की तिथून सुपरऑक्साइड नावाचा, प्राणवायूपासून बनलेला अतिशय चंचल कण जास्त प्रमाणात सुटतो. मायकेल ब्राउनली यांनी २००१ पासून मांडत आणलेल्या विवेचनानुसार या कणांमुळे पेशीतल्या डीएनएला इजा होते, तिची दुरुस्ती करणारी यंत्रणा जागी होते आणि तिच्यामुळे ग्लुकोज मोडण्याच्या मुख्य मार्गावरचे एक विकर बंद पडते. कर्वे रस्त्यावर पुढे काम चालू असले की मागची वाहने ज्या गल्ल्यांतून एरवी कुणी जात नाही तिथे घुसतात. तसे मागे तुंबलेले पदार्थ आडमार्गांना लागतात.

अशा आडवाटा मुख्यतः चार आहेत. एका वाटेवर ग्लुकोजचे सॉर्बिटॉल होते आणि त्यात पेशीचा स्वतःचा संरक्षक साठा खर्ची पडतो. नसांच्या मधुमेही विकारासाठी आपल्याकडे लिहिले जाणारे एपालरेस्टॅट हे औषध याच वाटेवर अडथळा घालते. दुसऱ्या वाटेवर डायअसिलग्लिसरॉल वाढते आणि ते प्रोटीन कायनेज सी या विकराला कामाला लावते, ज्यामुळे वाहिनी आवळते, गळते आणि तिचे तळचे पटल जाड होते.

तिसरी वाट मला सर्वांत बोलकी वाटते. तिच्यात ग्लुकोजपासून एक छोटा शर्करा-कण बनतो आणि तो प्रथिनांवर नेमका तिथे जाऊन चिकटू शकतो, जिथे फॉस्फेट बसायला हवे. वर ईनॉसवरच्या ज्या सेरीनचा उल्लेख केला, त्या जागीही असे घडते. इन्सुलिनचा निरोप घेऊन एकेटी दारापर्यंत येते, पण खुर्चीवर आधीच दुसरे कुणी बसलेले असते. साखर निरोपाच्या आड येते ती अशी, अगदी शब्दशः.

चौथी वाट प्रथिनांना साखर कायमची चिकटण्याची आहे. चपाती तव्यावर लालसर होते त्यामागे जी रासायनिक क्रिया आहे, तिचेच हे मंद रूप. अशा भाजलेल्या प्रथिनांना एजीई म्हणतात आणि अंतःस्तराच्या पेशींवर त्यांच्यासाठी रेज नावाचा रिसेप्टर असतो. तो जागा झाला की एनएफ-कॅपा-बी हे प्रथिन पेशीकेंद्रात जाऊन दाह घडवणारी जनुके चालू करते, पेशीच्या पृष्ठभागावर चिकट रेणू उगवतात, रक्तातून सहज वाहत चाललेल्या पांढऱ्या पेशी तिथे अडकतात आणि भिंतीत शिरतात. रोहिणीकाठिण्याची, म्हणजे हृदयविकाराच्या मुळाशी असलेल्या लेपाची, सुरुवात तीच.

याच्या जोडीला सुपरऑक्साइड नायट्रिक ऑक्साइडला भेटताच त्याला संपवते आणि त्यातून पेरॉक्सिनायट्राइट हे अधिक दाहक द्रव्य बनते. त्यामुळे ईनॉसला लागणारा सहायक पदार्थ नासतो, आणि ते विकर नायट्रिक ऑक्साइडऐवजी स्वतःच सुपरऑक्साइड बनवू लागते. कुंपणानेच शेत खावे, तसे हे.

हे सगळे ऑक्सिडेशनमुळे होत असेल, तर अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेऊन भागणार नाही का?

तर्क सरळ आहे, परंतु माणसांवरच्या चाचण्यांनी त्याला साथ दिलेली नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या होप चाचणीत हृदयविकाराचा धोका असलेल्या हजारो लोकांना, ज्यांत मधुमेही मोठ्या संख्येने होते, ई जीवनसत्त्व दिले गेले. झटके कमी झाले नाहीत. एक कारण असे दिसते की सुपरऑक्साइडसारखे कण पेशीच्या आत, जागच्या जागी आणि सतत बनत असतात, आणि एक रेणू एकच कण टिपून संपतो. दुसरे असे की थोड्या प्रमाणातले हेच कण पेशीच्या नेहमीच्या संदेशवहनातही वापरले जातात, त्यामुळे सरसकट पुसून टाकण्यात शहाणपण नसते. प्रोटीन कायनेज सी अडवणारे रुबॉक्सिस्टॉरिन हे औषधही पुरेसा पुरावा न मिळाल्याने बाजारापर्यंत आले नाही. एकेका आडवाटेवर पहारा बसवण्यापेक्षा मुख्य रस्त्यावरची गर्दी कमी करणे आजवर अधिक फळले आहे.

हळद भाजीत जरूर घालावी. तिच्या महागड्या कॅप्सूलांवर महिन्याचे पैसे घालवण्याआधी मात्र त्या पैशात लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाची तपासणी होते का ते पाहावे.

तीन महिन्यांची शुगर आता चांगली येते, तरी डोळ्यांत बदल वाढत आहेत. असे का?

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या आवाजात नेहमी थोडी तक्रार असते आणि ती रास्त आहे. एचबीएवनसी म्हणजे तांबड्या पेशीतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर. ती पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून हा आकडा गेल्या दोन-तीन महिन्यांपुरते बोलतो. भिंतीच्या पेशींची स्मृती त्याहून लांब असते.

अमेरिका व कॅनडात टाइप-१ मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांवर डीसीसीटी ही चाचणी झाली. काटेकोर उपचार घेतलेल्यांचे एचबीएवनसी ७ च्या आसपास, तर इतरांचे ९ च्या आसपास होते, आणि डोळ्यांत नव्याने विकार होण्याचा धोका पहिल्या गटात ७६ टक्क्यांनी कमी आढळला. १९९३ मध्ये ती संपल्यावर सर्वांनाच काटेकोर उपचार सुचवले गेले, दोन्ही गटांचे आकडे काही वर्षांत सारखे झाले, तरीही गुंतागुंतीमधला फरक पुढे वर्षानुवर्षे टिकून राहिला. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या चाचणीच्या २००८ सालच्या पाठपुराव्यात टाइप-२ बाबतही असाच वारसा दिसला.

पेशी हे लक्षात कशी ठेवते? मानवी महाधमनीच्या अंतःस्तराच्या पेशी सोळा तास जादा ग्लुकोजमध्ये आणि नंतर सहा दिवस साध्या द्रावणात ठेवल्या, तेव्हा एनएफ-कॅपा-बीच्या एका घटकाच्या जनुकाजवळ पडलेल्या रासायनिक खुणा त्या सहा दिवसांनंतरही पुसल्या गेलेल्या नव्हत्या. डीएनएचा मजकूर तोच, पण समासात पेन्सिलीने ‘हे वाच’ असे लिहिलेले राहून गेले. भाजलेल्या प्रथिनांचेही तसेच. त्वचेतले किंवा वाहिनीच्या भिंतीतले कोलॅजन वर्षानुवर्षे बदलत नाही.

आणखी एक गोष्ट: बराच काळ जास्त असलेली साखर फार झपाट्याने खाली आणली, तर डोळ्यांतले बदल काही काळ उलट वाढू शकतात. हे डीसीसीटीतही दिसले होते. म्हणून इन्सुलिन किंवा नवी प्रभावी औषधे सुरू करण्यापूर्वी डोळ्याचा पडदा तपासून घेण्यास सांगतात. ती टाळाटाळ नव्हे.

आईच्या डोळ्यात इंजेक्शन द्यायचे ठरले आहे. डोळ्यात इंजेक्शन का, आणि त्याचा संदेशवहनाशी काय संबंध?

थेट संबंध आहे. ते इंजेक्शन म्हणजे एका संदेशाला अडवणेच आहे. दृष्टिपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या, केशवाहिन्यांना बाहेरून मिठी मारून बसलेल्या पेरिसाइट नावाच्या पेशी असतात. मधुमेहात त्या लवकर मरतात. आधार गेलेल्या जागी वाहिनीला फुगवटा येतो. डोळ्याच्या फोटोत नारिंगी पार्श्वभूमीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसतात ते हेच. पुढे काही केशवाहिन्या बंद पडतात, तिथल्या ऊतीला प्राणवायू मिळेनासा होतो आणि ती व्हीईजीएफ या प्रथिनाच्या रूपाने हाका मारू लागते.

या प्रथिनाचा शोध १९८३ मध्ये लागला तेव्हा त्याचे नाव ‘वाहिनीची गळती वाढवणारा घटक’ अशा अर्थाचे होते, आणि आपल्याला ते नाव अधिक उपयोगी आहे. त्याच्या हाकेने अंतःस्तराच्या पेशींमधले सांधे सैल होतात, पाणी झिरपून दृष्टिपटलाचा मध्यभाग सुजतो आणि अक्षरे वाकडी दिसू लागतात. हाक चालूच राहिली तर नव्या वाहिन्या फुटतात, पण त्या घाईत बांधलेल्या, कच्च्या असतात आणि फुटून डोळ्यात रक्त उतरते. बेवासिझुमॅब, रॅनिबिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट ही औषधे व्हीईजीएफला वाटेतच पकडतात. ती काही आठवड्यांनी ओसरतात, हाक मारणारी ऊती मात्र तिथेच असते; म्हणून इंजेक्शन पुन्हा घ्यावे लागते. लेझरने परिघावरची उपाशी ऊती जाळतात तेव्हा हाक मारणारेच कमी होतात.

मग हृदयात आणि पायात नव्या वाहिन्या का फुटत नाहीत? तिथे तर त्या हव्याच असतात.

अभ्यासकांनाही हा विरोधाभास बराच काळ छळत आला आहे. मधुमेहात दृष्टिपटलात हा संदेश जास्त होतो, तर हृदयाच्या आणि पायाच्या स्नायूंत तो कमी पडतो किंवा ऐकलाच जात नाही. कारण तिथे व्हीईजीएफ बनवायला इन्सुलिनचा तोच पीआय-थ्री-कायनेजचा फाटा मदत करत असतो आणि तो तर मंदावलेला असतो. साहजिकच मुख्य धमनी तुंबली की बाजूने उगवणाऱ्या पर्यायी वाहिन्या मधुमेही माणसात तुटपुंज्या राहतात.

माझे बीपी फारसे नाही, तरी किडनीसाठी म्हणून बीपीची गोळी का दिली?

किडनीच्या गाळणीत रक्त एका बारीक धमनीतून येते आणि दुसरीतून बाहेर जाते. अँजिओटेन्सिन-२ हे संप्रेरक बाहेर जाणाऱ्या धमनीला जास्त आवळते, त्यामुळे गाळणीच्या आत दाब चढतो; दंडावर मोजलेले बीपी बरे असले तरी आतला दाब जास्त असू शकतो. शिवाय हेच संप्रेरक टीजीएफ-बीटा या संदेशाला चेतवते, ज्याच्या हुकमावर गाळणीत धागे आणि डाग साचत जातात. नावाच्या शेवटी ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ असलेल्या गोळ्या हा निरोप तोडतात. लघवीतून अल्ब्युमिन जात असलेल्या मधुमेहींमध्ये त्यांच्यामुळे किडनीची घसरण मंदावते, हे १९९३ मध्ये कॅप्टोप्रिलच्या आणि २००१ मध्ये लोसार्टनच्या चाचणीने दाखवले.

येणाऱ्या धमनीच्या बाजूने काम करणारी औषधे त्यानंतर आली. रक्तात साखर जास्त असली की किडनीच्या सुरुवातीच्या नळ्या साखरेबरोबर मीठही ओढून परत घेतात, पुढच्या तपासनाक्यावर मीठ कमी पोहोचते आणि ‘गाळण कमी पडते आहे’ असा चुकीचा समज होऊन येणारी धमनी सताड उघडली जाते. ‘ग्लिफ्लोझिन’ शेवट असलेल्या गोळ्या ती ओढ थांबवतात. नाक्यावर मीठ पोहोचते, ॲडिनोसिनचा निरोप जातो आणि धमनी आवरती होते. दोन्ही प्रकारांत गोळी सुरू केल्यावर क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचे काम जोखण्यासाठी रक्तात मोजतात तो पदार्थ, थोडे वाढलेले दिसू शकते. तो आकडा पाहून स्वतःच गोळी बंद करणारे लोक मला दरवर्षी भेटतात. किती वाढ चालेल हे डॉक्टरांना विचारावे, शेजाऱ्यांना नव्हे.

मी तर सडपातळ आहे. मला मधुमेह आणि वाहिन्यांचा त्रास कसा?

या प्रश्नाचे जगाला मिळालेले उत्तर बरेचसे पुण्यातूनच गेले आहे. केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा आणि मुलांचा अभ्यास चालवला. तिथली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची होती. पण पुणेरी बाळांचे स्नायू कमी असले, तरी त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. २००४ मध्ये याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. बारीक अंगात दडलेली चरबी याहून सोप्या रीतीने दाखवता आली नसती.

चरबीची ऊती स्वतः संदेश सोडते. पोटातल्या चरबीतून सुटणारी मेदाम्ले आणि टीएनएफ-अल्फासारखी दाहक द्रव्ये इन्सुलिनच्या साखळीतल्या पहिल्याच प्रथिनावर चुकीच्या जागी फॉस्फेट बसवतात आणि निरोप तिथेच अडतो. वजनकाट्याला यातले काही कळत नाही. कमरेला गुंडाळलेल्या टेपला थोडेफार कळते.

चालण्याने रक्तवाहिन्यांना नेमका काय फायदा होतो?

भिंतीला आणखी एक भाषा कळते: स्पर्शाची. रक्त वेगाने आणि सरळ वाहू लागले की त्याच्या घासण्याने अंतःस्तराच्या पेशी एकेटी आणि ईनॉस यांना जागे करतात, आणि त्यासाठी इन्सुलिनचा रिसेप्टर लागत नाही. बिघडलेल्या दारातून न जाता मागच्या दाराने तोच निरोप पोहोचतो. स्नायूंतही आकुंचनामुळे ग्लुकोजचे वाहक इन्सुलिनशिवाय पृष्ठभागावर येतात. याउलट धमनीच्या फाट्यांवर, जिथे प्रवाह घोटाळतो, तिथेच लेप आधी चढतो. नदीचा गाळही वळणावरच साठतो.

म्हणून पर्वतीच्या पायऱ्या रोज चढणाऱ्यांचे मी कौतुक करतो, पण डोळ्यात कच्च्या वाहिन्या असतील किंवा छातीत दुखत असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावे. आणि खाली उतरल्यावर गोड चहा आणि क्रीमरोल घेतला, तर त्या हिशेबात मला ओढू नये.

वडिलांना वारीला जायचे आहे. त्यांचे तळपाय बधिर आहेत. जाऊ द्यावे का?

दरवर्षी पालख्या नाना पेठेत आणि भवानी पेठेत मुक्कामाला आल्या की हा प्रश्न येतो. नसांनाही स्वतःच्या बारीक रक्तवाहिन्या असतात. त्या बिघडल्या, शिवाय नसांच्या पेशींतच साखर साचली, की पायाचे दुखणेच कळेनासे होते. दिवेघाटात तापलेल्या रस्त्याने पडलेला फोड अशा माणसाला संध्याकाळी मोजा रक्ताने ओला झाल्यावरच कळतो.

एरवी अशी जखम ठरलेल्या निरोपांनी भरते: आधी दाह करणाऱ्या पेशी येतात, सफाई झाल्यावर त्याच पेशी आपला स्वर बदलून दुरुस्तीचे निरोप देतात, मग नव्या केशवाहिन्या फुटतात. मधुमेहात ‘दाह पुरे’ हा निरोप उशिरा येतो, वाहिन्या फुटवणारा क्षीण असतो आणि जखम मधल्याच टप्प्यावर अडकून राहते.

जाण्यापूर्वी तळपायाला नायलॉनचा १० ग्रॅम दाबाचा धागा लावून संवेदना पाहून घ्यावी आणि पायातल्या धमन्यांचे ठोके तपासून घ्यावेत. संवेदना नसेल तर अनवाणी चालण्याचा आग्रह सोडून मापाचे, आधी महिनाभर वापरलेले बूट घालावेत आणि रोज मुक्कामाला कुणीतरी तळवे उजेडात नीट पाहावेत. स्वतःला वाकता येत नसेल तर जेवणाच्या ताटाएवढा आरसा पिशवीत ठेवावा. जखम उघडी असेल तर त्या वर्षी दर्शन कळसाचेच.

मिश्रीने काही होते का? सिगारेट तर मी ओढत नाही.

होते. मिश्री भाजलेल्या तंबाखूची असते, आणि तिच्यातले निकोटिन हिरड्यांतून रक्तात शिरून वाहिन्या आवळते. धूर नसला म्हणून भिंतीला कळत नाही असे नाही.

साखर जितकी कमी तितके चांगले, असे समजावे का?

नाही. अमेरिका व कॅनडातल्या अकॉर्ड चाचणीत टाइप-२ च्या १०,२५१ रुग्णांपैकी निम्म्यांचे एचबीएवनसी ६ च्या खाली आणण्याचा प्रयत्न झाला. त्या गटात मृत्यू जास्त होऊ लागल्याने २००८ मध्ये तो उपचार मुदतीआधीच थांबवावा लागला. वय, आजाराची वर्षे आणि साखर एकदम उतरण्याचा धोका पाहून प्रत्येकाचे लक्ष्य वेगळे ठरते. दुसरीकडे डेन्मार्कमधल्या स्टेनो-२ चाचणीत अवघ्या १६० रुग्णांची साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तिन्ही एकत्र आवरले, तेव्हा हृदय व रक्तवाहिन्यांच्या घटना जवळजवळ निम्म्या झाल्या. एकाच भिंतीकडे चुकीचे निरोप तीन-चार दिशांनी येत असतील तर एकच दिशा बंद करून किती उपयोग होणार?

भिंतीची अवस्था कळण्यासाठी वर्षातून कोणत्या तपासण्या कराव्यात?

नायट्रिक ऑक्साइडची वा एनएफ-कॅपा-बीची तपासणी दवाखान्यात होत नाही आणि तिची गरजही नाही. लघवीतले अल्ब्युमिन व क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर हे माझ्या मते सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित मोजमाप आहे. ते ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या वर वारंवार आले, तर गाळणीची भिंत गळते आहे असे समजावे. ताप किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग असताना हा आकडा फसवतो, म्हणून पुन्हा करून घ्यावा. त्याच्या जोडीला रक्तातले क्रिएटिनिन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, पायांची संवेदना व ठोके. मेटफॉर्मिन बरीच वर्षे चालू असेल, त्यातून शाकाहारी असाल, तर बी-१२ ही पाहावे. त्याच्या कमतरतेने पाय बधिर होतात आणि दोष मधुमेहाच्या माथी जातो.

डोळ्याचा पडदा टाइप-२ मध्ये निदान झाल्याबरोबर आणि टाइप-१ मध्ये पाच वर्षांच्या आत तपासावा, पुढे डॉक्टर सांगतील त्या अंतराने. दिसते चांगले म्हणून ही तपासणी लांबणीवर टाकू नये, कारण लाल ठिपक्यांच्या टप्प्यात दृष्टीला काहीच होत नाही. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर काही तास उजेड सहन होत नाही आणि जवळचे धूसर दिसते. त्या दिवशी स्कूटर घरी ठेवावी, गॉगल बरोबर न्यावा आणि परत येताना रिक्षा करावी.